दगडांची सॅक घेऊन चढले डोंगर, मग सर केला एव्हरेस्ट : तेनसिंग नोर्गे यांच्या मेहनतीची गोष्ट

२९ मे १९५३ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास तेनसिंग नोर्गे आणि न्यूझीलंडचे एडमंड हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले, हे आपण शाळेत शिकलोय. पण त्याआधी काहीच महिने तेनसिंग मलेरियाने खाटेवर पडून होते, हे फार जणांना माहीत नाही.

तेनसिंग यांचा जन्म १९१४ चा. नेपाळच्या खुंबू भागात, याक राखणाऱ्या गरीब शेर्पा घरात ते वाढले. शाळा नशिबात नव्हती. तरुणपणी कामाच्या शोधात दार्जिलिंगला आले. १९३५ मध्ये इंग्रज गिर्यारोहक एरिक शिप्टन यांच्या मोहिमेत त्यांना हमालाचं काम मिळालं. पाठीवर ओझं घेऊन चढायचं, हाच रोजगार आणि हीच तालीम.

१९५२ मध्ये ते स्विस पथकासोबत दोनदा एव्हरेस्टवर गेले. पहिल्या वेळी रेमंड लँबर्ट यांच्यासोबत ८,५०० मीटरच्याही वर पोहोचले, पण माथा राहिला. दुसऱ्या वेळी थंडी-वाऱ्याने मागे फिरावं लागलं. परतल्यावर मलेरिया झाला, पाटण्याच्या दवाखान्यात राहावं लागलं. वजन उतरलं, अंगात त्राण उरलं नाही. त्याच वेळी ब्रिटिश मोहिमेचं बोलावणं आलं. वय चाळिशीकडे झुकलेलं. घरच्यांना काळजी होती. तरी त्यांनी जायचं ठरवलं.

मग तयारी सुरू केली. पहाटे उठायचं, सॅकमध्ये दगड भरायचे आणि दार्जिलिंगच्या डोंगरवाटा चढायच्या-उतरायच्या. सिगारेट, दारू बंद. हळूहळू गेलेली ताकद परत आली.

ती ताकद मोहिमेत कामी आली. खालच्या टप्प्यात बर्फाचा कडा तुटून हिलरी भेगेत कोसळले, तेव्हा दोराच्या दुसऱ्या टोकाला तेनसिंग होते. त्यांनी दोर आवळून धरला आणि हिलरी वाचले. पुढे महिनाभराने दोघे मिळून माथ्यावर गेले. तेनसिंग यांची ही एव्हरेस्टची सातवी मोहीम होती.

१९५४ मध्ये दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झालं. तिथे त्यांनी अनेक वर्षं तरुणांना शिकवलं. ९ मे १९८६ रोजी त्यांचं निधन झालं.

गड-डोंगर फिरणाऱ्यांना त्यांची ही रीत आजही उपयोगी आहे. चढताना मांड्या, पोटऱ्या आणि कंबर यांच्यावर भार येतो. उतरताना मांड्यांनाच ब्रेक लावावा लागतो, त्या कच्च्या असल्या की गुडघे बोलायला लागतात. म्हणून चढणीइतकाच उतरणीचा सरावही हवा.

सुरुवात रिकाम्या पाठीने करा. गावाजवळची टेकडी किंवा देवळाच्या पायऱ्या आठवड्यातून दोन-तीन दिवस चढा-उतरा. जमायला लागलं की सॅकमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या टाका, मग दर आठवड्याला थोडं थोडं वजन वाढवा. पाण्याचा फायदा असा, की उतरताना जड वाटलं तर ओतून देता येतं. सोबत घरीच दहा-दहा उठाबशा काढा. मधले दिवस विश्रांती घ्या, कारण स्नायू तेव्हाच भरतात. गुडघा दुखत असेल किंवा छातीचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.