देवळालीचे गणितानंद

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला, पूल पाण्याखाली गेला की भामरागडचा जगाशी संपर्क तुटतो. अशा दिवसांत मुलांच्या हाताशी उरतात वही आणि पेन्सिल. गणिताला तेवढे पुरते, हे देवळालीच्या एका शाळामास्तरांनी आयुष्यभर दाखवून दिले. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूचा. आई लहानपणीच गेली. वडील कारकून होते. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकत असताना १९२७ मध्ये कापरेकरांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणित पारितोषिक मिळाले. पुढे १९३० ते १९६२ त्यांनी देवळालीत शिकवले.

मुंबईजवळच्या डेम्लो स्टेशनावर त्यांना एक संख्यामालिका सुचली, म्हणून तिचे नाव डेम्लो संख्या. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. आकडे चढतात आणि तसेच उतरतात.

या वर्गांच्या मुळाशी नुसते एक आहेत. १ आणि स्वतःखेरीज कशानेच भाग जात नाही ती मूळ संख्या. ११ मूळ आहे, पण १११ म्हणजे ३ गुणिले ३७. सहा एक मांडले तर ११ ने आणि १११ नेही भाग जातो. मूळ संख्या हवी असेल तर एकांची मोजणीही मूळच हवी. मात्र तेवढ्याने भागत नाही. पाच एकांची संख्या म्हणजे ४१ गुणिले २७१. अकरानंतर थेट १९ एकांची संख्या मूळ निघते, मग २३ एकांची आणि त्यानंतर एकदम ३१७ एकांची! अशा मूळ संख्या अनंत आहेत का, हे आजही कोणी सिद्ध केलेले नाही.

कापरेकरांकडे गणितातील मोठी पदवी नव्हती. त्यांचे काम म्हणजे आकड्यांचा खेळ, असे अनेक विद्वान समजत. ते स्वतःच पुस्तिका छापत राहिले. १९६६ मध्ये पत्नी गेली. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून शिकवण्या धरल्या. त्या एकाकी वर्षांतही संख्या सुटल्या नाहीत. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिले आणि वयाच्या सत्तरीत जगाने त्यांची दखल घेतली. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले.

त्यांचा ६१७४ हा स्थिरांक कोणालाही पडताळता येतो. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा. उदाहरणार्थ ३५२४: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा तसेच केले की ८३५२ आणि मग ६१७४. फार तर सात वजाबाक्या लागतात. त्यासाठी वीज लागत नाही की नेटवर्क. पूर ओसरेपर्यंत वेळही छान जातो.