मादाम क्युरी: दोन नोबेल मिळाल्यावर एक्स-रे काढायला शिकलेली बाई

बारावी सायन्स झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न आमच्या नीरा नरसिंहपुरात दरवर्षी घरोघरी असतो. यंदा तो माझ्या चुलत बहिणीने मला व्हॉट्सॲपवर पाठवला. तिला रेडिओलॉजी टेक्निशियनचा कोर्स करायचाय. काका म्हणतात, ते नुसतं बटण दाबायचं काम आहे. वर्गातली मुलं म्हणतात, पाच वर्षांत एआय ही नोकरी खाऊन टाकेल. आजीला वेगळीच काळजी, की त्या किरणांनी पोरीला काही झालं तर? मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मोबाइल हँग झाला काय आणि एमआरआयचं काही विचारायचं असलं काय, घरातला प्रश्न माझ्याकडेच येतो.

तिला कॉलेजांची यादी पाठवायच्या आधी मी तिला मादाम क्युरी यांची गोष्ट सांगितली. रेडियमवाली नाही, ती शाळेच्या पुस्तकात असते. ही दुसरी आहे, आणि वरच्या तिन्ही प्रश्नांना ती नीट उत्तर देते. म्हटलं, तुम्हालाही सांगावी.

वॉर्सातली मान्या

मेरी क्युरी यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ चा, पोलंडमधल्या वॉर्सा शहरातला. घरात तिला मान्या म्हणत. तेव्हा वॉर्सावर रशियाच्या झारचं राज्य होतं. वडील गणित आणि फिजिक्सचे शिक्षक. मान्या दहा वर्षांची असताना आई टीबीने गेली. शाळेत ती कायम पुढे, पण वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेशच नव्हता. मग पोलिश लोकांनी गुपचूप चालवलेले वर्ग होते, पोलिसांना पत्ता लागू नये म्हणून त्यांच्या जागा बदलत राहायच्या. मान्या तिथे शिकली.

पैशांची अडचण होतीच. तिने आणि मोठी बहीण ब्रोन्या हिने एक करार केला. आधी ब्रोन्याने पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचं, मान्याने नोकरी करून तिला पैसे पाठवायचे, आणि मग ब्रोन्याने मान्याला बोलवायचं. मान्या खेड्यातल्या एका श्रीमंत घरी मुलांची शिकवणी घ्यायला राहिली. रिकाम्या वेळात गावातल्या शेतमजुरांच्या मुलांनाही लिहायला-वाचायला शिकवायची. आपल्याकडे एका भावंडाने थांबून दुसऱ्याला शिकवणं नवीन नाही, त्यामुळे हा भाग बहिणीला लगेच पटला.

१८९१ मध्ये ती पॅरिसला पोचली, मान्याची मेरी झाली. १८९३ मध्ये फिजिक्सच्या पदवीला पहिला नंबर, पुढच्या वर्षी गणिताची पदवी. १८९५ मध्ये पिएर क्युरी या शास्त्रज्ञाशी लग्न. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला जर्मनीत रोंटजेन यांना एक्स-रे सापडले.

यापुढचं तुम्हाला माहीत असेल, म्हणून भराभर सांगतो. १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम. १९०३ मध्ये पिएर आणि बेकरेल यांच्यासोबत फिजिक्सचं नोबेल. १९०६ मध्ये पिएर पॅरिसच्या रस्त्यात घोडागाडीखाली सापडून गेले. दोन लहान मुली पदरात असताना मेरीबाईंनी त्यांची शिकवायची जागा घेतली, आणि सोरबोन विद्यापीठात शिकवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. १९११ मध्ये केमिस्ट्रीचं दुसरं नोबेल. रेडियम वेगळं करायच्या पद्धतीचं पेटंट मात्र दोघांनी घेतलं नाही.

१९१४: मशीन आहे, चालवणार कोण?

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. फ्रान्सकडे असलेलं एक ग्रॅम रेडियम शिशाच्या जड पेटीत घालून मेरीबाईंनी स्वतः रेल्वेने बोर्डोला नेऊन सुरक्षित ठेवलं. म्हणजे रिसर्च बंद. वय ४६.

तिकडे फ्रंटवर जखमी सैनिक हजारोंनी येत होते. तोफगोळ्याचा तुकडा शरीरात नेमका कुठे अडकलाय हे कळत नसे, आणि अंदाजाने चिरफाड केली तर माणूस दगावायचा. एक्स-रे सापडून १९ वर्षं झाली होती, पण मशीन मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांत. फ्रंटजवळ ना मशीन, ना वीज.

मेरीबाईंनी यावर गाडीची युक्ती काढली. मोटारगाडीत एक्स-रे ट्यूब, फोटोच्या प्लेट, काळे पडदे आणि एक डायनॅमो. गाडीच्याच इंजिनावर डायनॅमो फिरवायचा, त्यातून वीज करायची. आज आपण गाडीत मोबाइल चार्ज करतो, तत्त्व तेच. पहिली गाडी १९१४ संपायच्या आत रस्त्यावर आली. पुढे अशा वीस गाड्या झाल्या आणि सुमारे दोनशे ठिकाणी कायमच्या एक्स-रे खोल्या उभ्या राहिल्या. लोक या गाड्यांना छोट्या क्युरी म्हणायला लागले.

पण आधी मेरीबाईंना स्वतःलाच शिकावं लागलं. दोन नोबेल होती, तरी माणसाचा एक्स-रे काढायचा अनुभव नव्हता. बेक्लेर नावाच्या अनुभवी डॉक्टरांकडून त्यांनी एक्स-रे तपासणीची पद्धत समजून घेतली. शरीररचनेची पुस्तकं वाचली. गाडी चालवायला शिकल्या, टायर बदलणं, इंजिनमधला कचरा काढणं हेही शिकल्या. सतरा वर्षांची मोठी मुलगी इरेन त्यांच्याबरोबर मदतीला होती.

गोळी किती खोल? दहावीची भूमिती

हे काम नुसतं बटण दाबायचं का नाही, ते इथे कळतं.

एक्स-रे ट्यूबमध्ये जास्त व्होल्टेज देऊन इलेक्ट्रॉन धातूवर आदळवतात, त्यातून किरण निघतात. मांसातून ते बरेचसे आरपार जातात, हाडात आणि धातूत अडतात. म्हणजे एक्स-रे ही सावली आहे. व्होल्टेज, करंट आणि वेळ हे टेक्निशियनने ठरवायचं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रो मोडला एक्सपोजर सेट करतो तसंच, फक्त इथे चुकलं तर पेशंटला परत किरण द्यावे लागतात.

आता अडचण बघा. सावलीवरून गोळी डावीकडे की उजवीकडे हे कळतं, पण किती खोल हे कळत नाही. उपाय असा: एकाच प्लेटवर दोन एक्सपोजर घ्यायचे, आणि मधे ट्यूब थोडी सरकवायची. गोळीची सावलीही सरकते. गोळी प्लेटपासून जितकी लांब, तितकी सावली जास्त सरकते. बाकी काम समरूप त्रिकोणांचं.

समजा ट्यूब प्लेटपासून ६० सेंटीमीटर वर आहे. ती १० सेंटीमीटर सरकवली आणि सावली २ सेंटीमीटर सरकली. तर गोळीची प्लेटपासूनची उंची म्हणजे ६० गुणिले २, भागिले १२. उत्तर १० सेंटीमीटर. सर्जनने कुठपर्यंत जायचं, ते ठरलं. दोन कॅमेऱ्यांचा फोन पोर्ट्रेट मोडला मागचं आणि पुढचं वेगळं करतो, ते याच कल्पनेवर.

हे गणित कागदावर सोपं आहे. समोर रक्तबंबाळ माणूस विव्हळत असताना त्याला न हलवता प्लेट नीट सरकवणं, अंतर अचूक मोजणं आणि वेळेत उत्तर देणं, यासाठी हात बसलेला लागतो. तो सरावानेच बसतो.

दीडशे मुलींची बॅच

गाड्या वाढल्या, खोल्या वाढल्या, आणि मग खरी टंचाई दिसली. मशीन विकत मिळत होतं, ते चालवणारं माणूस मिळत नव्हतं. शिकलेला माणूस नसेल तर लाखमोलाचं यंत्र खोलीत नुसतं पडून राहतं.

म्हणून १९१६ पासून मेरीबाईंनी पॅरिसमध्ये मुलींसाठी एक्स-रेचा कोर्स सुरू केला. काही आठवड्यांचा, पण कसून घेतलेला. वीज, एक्स-रेचं शास्त्र, शरीररचना, फोटो धुणं, आणि भरपूर प्रॅक्टिकल. येणाऱ्या सगळ्या पदवीधर नव्हत्या, काहींचं शिक्षण अगदी साधं होतं. इरेनही शिकवायला होती. त्याआधीच, अठरा-एकोणीस वर्षांची असताना, तिने बेल्जियममध्ये फ्रंटजवळ एक्स-रेचं काम एकटीने सांभाळलं होतं. अशा सुमारे दीडशे मुली तयार होऊन दवाखान्यांत रुजू झाल्या. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये काही अमेरिकन सैनिकांनाही मेरीबाईंनी हेच शिकवलं. या सगळ्या अनुभवावर त्यांचं एक पुस्तकही निघालं.

आज आपण रेडिओलॉजी टेक्निशियनचा जो सिलॅबस बघतो, त्यात फिजिक्स, ॲनाटॉमी, इमेज तयार करणं आणि प्रॅक्टिकल हेच खांब आहेत. फक्त एक विषय आता फार मोठा झालाय. तो म्हणजे स्वतःला वाचवणं.

आजीची भीती खोटी नव्हती

एक्स-रेने कातडी भाजते हे तेव्हाही ठाऊक होतं. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली याच कामापायी १९०४ मध्ये मरण पावला होता. पण युद्धाच्या घाईत पुरेसा आडोसा कुठून आणणार? मेरीबाईंनी चार वर्षं त्या किरणांजवळ काढली. शिवाय आधीची कित्येक वर्षं रेडियमच्या संगतीत. ४ जुलै १९३४ ला त्या गेल्या. रक्त तयार करणारी अस्थिमज्जाच निकामी झाली होती.

१९९५ मध्ये त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये हलवले, तेव्हा शवपेटी तपासली. आतला किरणोत्सर्ग वाटला होता त्यापेक्षा बराच कमी निघाला. रेडियम निम्मं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात, म्हणजे शरीरात खूप साठलं असतं तर ते अजून दिसलं असतं. त्यामुळे त्यांचा आजार रेडियमपेक्षा युद्धातल्या एक्स-रेमुळे झाला असण्याची शक्यता जास्त, असं मत फ्रान्सच्या तज्ज्ञांनी मांडलं. इरेनही १९५६ मध्ये ल्युकेमियाने गेली.

हे वाचून घाबरायचं नाही, समजून घ्यायचं. आज तीन नियम आहेत: वेळ कमी, अंतर जास्त, मधे आडोसा. अंतर दुप्पट केलं की किरणांची तीव्रता चौथा हिस्सा होते. छातीच्या एका एक्स-रेचा डोस साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट असतो, आणि जमिनीतून, हवेतून, आकाशातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट असेच मिळतात. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम आहे की किरणांसोबत काम करणाऱ्याला पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या वर नको, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नको.

हे मोजायला छातीवर टीएलडी बॅज लावतात. त्यात खास पदार्थाच्या चकत्या असतात. लॅबमध्ये त्या तापवल्या की जितके किरण शोषले असतील तितका उजेड देतात. साधारण दर तीन महिन्यांनी बॅज तपासायला जातो आणि प्रत्येकाचा हिशेब राहतो. मी एका खासगी सेंटरमध्ये बघितलंय, लेड ॲप्रन खुंटीवर धूळ खात होता आणि बॅज ड्रॉवरमध्ये होता. ड्रॉवरमधला बॅज ड्रॉवरला मिळालेले किरण मोजतो, माणसाला मिळालेले नाही.

मग कोर्स करायचा का?

एआयचं म्हणाल तर ते फोटो वाचायला मदत करतंय आणि करत राहील. पण मोडलेल्या मांडीची आजी टेबलावर कशी झोपवायची, रडणारं पोर कसं स्थिर ठेवायचं, पोटुशी बाई असेल तर आधी काय विचारायचं, ही कामं माणसाचीच आहेत. आमच्या गावातून एक्स-रेला अकलूज किंवा इंदापूर गाठावं लागतं, मोठी तपासणी असेल तर बारामती. तालुक्याच्या ठिकाणी मशीन आल्यावरही टेक्निशियन आज नाही, उद्या या, असं ऐकलेले लोक मला माहीत आहेत. १९१६ ची टंचाई पुरती संपलेली नाही.

बहिणीला मी चार गोष्टी तपासायला सांगितल्या:

१. कोर्सला विद्यापीठाची किंवा सरकारी मंडळाची मान्यता आहे का. या पेशासाठी २०२१ मध्ये केंद्राने वेगळा कायदा केलाय, त्यामुळे पुढे नोंदणीला मान्यता नसलेलं सर्टिफिकेट अडचणीचं ठरू शकतं.

२. प्रॅक्टिकल कुठल्या दवाखान्यात आहे, आणि तिथे रोज पेशंट येतात का.

३. एक्स-रेसोबत सीटी आणि एमआरआयवर हात बसवायला मिळतो का. एमआरआय आणि सोनोग्राफीत एक्स-रे नसतात, तिथले सुरक्षेचे नियम वेगळे आहेत.

४. विद्यार्थ्यांना टीएलडी बॅज आणि लेड ॲप्रन पहिल्या दिवसापासून मिळतो का. नाही म्हणाले तर दुसरं कॉलेज बघायचं.

ती आता चार कॉलेजांना फोन करून चौथा प्रश्न सगळ्यात आधी विचारतेय. तुमच्या ओळखीत कुणी बारावीनंतर या लाइनचा विचार करत असेल, तर हा लेख त्यांना नक्की पाठवा.