बागवान वैद्य : गार्सिया द ओर्ता

आपल्या सुरतेतील गुजराती घरांत वरणाला आंबटपणा यावा म्हणून आमसूल घालण्याची चाल आहे; आणि कोकणी माणसाचे जेवण तर सोलकढीवाचून पुरे होत नाही. हे आमसूल ज्या फळाच्या सालीपासून होते, त्या फळास आम्ही कोकणी बोलणारे लोक भिरंड म्हणतो. साडेचारशे वर्षांहून अधिक काळापूर्वी गोव्यात छापलेल्या एका पोर्तुगीज ग्रंथात हेच फळ ब्रिंदाँव या नावाने आले आहे. रक्तासारखे लाल, अतिशय आंबट, रंगाऱ्यांच्या उपयोगी पडणारे आणि साल वाळवून ठेवण्याजोगे असे त्याचे वर्णन तेथे केलेले आहे. परदेशी वैद्याच्या लेखणीतून आपल्या परसातील भिरंडाचे नाव वाचताना मोठा आनंद होतो. त्या वैद्याचे नाव गार्सिया द ओर्ता. त्याचे चरित्र आज थोडक्यात पाहू.

गार्सियाचा जन्म सुमारे १५०१ साली पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हीदे या गावी झाला. त्याचे आईबाप मूळचे स्पेनमधील ज्यू. १४९२ साली स्पेनच्या राजसत्तेने ज्यू लोकांना देशाबाहेर घालविले, तेव्हा हे कुटुंब सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आले. परंतु तेथेही १४९७ साली ज्यूंना बळजबरीने ख्रिस्ती करण्यात आले. अशा घरात जन्मलेल्या मुलाला दोन गोष्टी लहानपणीच शिकाव्या लागल्या : विद्या मिळविणे आणि मनातले मनात ठेवणे. सालामान्का व आल्काला या स्पेनमधील विद्यापीठांत वैद्यकाचे शिक्षण पुरे करून तो मायदेशी परतला. प्रथम आपल्या गावी व पुढे लिस्बन येथे त्याने वैद्यकी केली, आणि १५३० च्या सुमारास लिस्बनच्या विद्यापीठात तो अध्यापनही करू लागला.

नोकरी मानाची होती. पण हवा पालटत चालली होती. नवख्रिस्ती लोकांवर संशयाची नजर वाढत होती. १५३४ च्या मार्च महिन्यात मार्तिं आफोन्सो द सौझा या सेनापतीच्या ताफ्याबरोबर वैद्य म्हणून गार्सिया हिंदुस्थानास निघाला आणि सप्टेंबरात गोव्यास पोहोचला. पुढे दोनच वर्षांनी, १५३६ साली, पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन म्हणजे धर्मसमीक्षणाचे न्यायासन स्थापन झाले. आरंभीच्या वर्षांत सौझाबरोबर तो काठेवाडच्या किनाऱ्यावर व दीव येथे हिंडला. पोर्तुगीजांच्या ज्या आरमारी स्वाऱ्यांचा उपद्रव आपल्या सुरतेलाही पोहोचला होता आणि ज्यांना आळा घालण्यासाठी खुदावंदखानाने तापीकाठी किल्ला बांधला, तो हा काळ. मात्र तलवारी चालत असताना या वैद्याचे डोळे झाडापाल्याकडे लागलेले असत.

काही वर्षांनी तो गोव्यात स्थायिक झाला. गव्हर्नर व व्हाइसरॉय यांचा तो वैद्य होताच. शिवाय अहमदनगरचा सुलतान बुऱ्हाण निजामशहा त्याला उपचारासाठी बोलावून घेई आणि त्याच्याशी स्नेहाने वागे. त्या दरबारात त्याला अरबी व फारसी जाणणारे हकीम भेटले. गोव्यात हिंदू वैद्य भेटले. बंदरावर गुजरातचे व्यापारी भेटले. प्रत्येक वनस्पतीला कोणत्या भाषेत काय म्हणतात, ती कोठून येते, खरी कशी ओळखावी, हे तो सर्वांना विचारी. पटकीच्या रोगाचे युरोपीय वैद्याने केलेले पहिले चांगले वर्णन त्याचेच आहे. आणि त्या रोगाला पोर्तुगीजांनी दिलेले मोर्देशीं हे नाव आपल्या ‘मोडशी’ या शब्दावरूनच घडलेले आहे.

परंतु केवळ विचारून त्याचे समाधान होत नसे. गोव्यातील आपल्या घराला लागून त्याने बाग केली आणि औषधी वनस्पती व फळझाडे स्वतः लावली. पुढे सुमारे १५५४ साली मुंबईचे बेट त्याला वार्षिक खंड भरण्याच्या अटीवर पोर्तुगीज सरकारकडून मिळाले. तेव्हाची मुंबई म्हणजे माडांच्या राया, भातखाचरे आणि कोळ्यांची वस्ती. तेथेही त्याचे घर व बाग होती. त्या बागेत एक आंब्याचे झाड होते. ते वर्षातून दोनदा फळे, एकदा उन्हाळ्यात व पुन्हा वर्षाच्या अखेरीस. त्याला या झाडाचा मोठा अभिमान असे. मुंबईहून गलबताने आंब्याच्या करंड्या गोव्यास त्याच्या घरी येत. याच मुंबईचा ताबा १६६५ साली इंग्रजांनी घेतला, १६६८ साली ती ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली आणि आरंभी तिचा कारभार आपल्या सुरतेच्या वखारीतून चाले, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच.

जवळजवळ तीस वर्षांच्या निरीक्षणाचे फळ म्हणजे त्याचा ग्रंथ. १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात तो छापून प्रसिद्ध झाला. मुद्रणकला गोव्यात येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. त्यामुळे ग्रंथात छपाईच्या चुका इतक्या राहिल्या की त्यांचे शुद्धिपत्रच अनेक पृष्ठांचे झाले! पोर्तुगालचा महाकवी कामोंइश याची छापली गेलेली पहिली कविता याच ग्रंथाच्या आरंभी आहे. ग्रंथाची रचना संवादरूप आहे. रुआनो नावाचा एक विद्वान नुकताच युरोपातून आला आहे. तो जुन्या ग्रीक ग्रंथांचे दाखले देतो, आणि ओर्ता त्याला प्रत्यक्ष वस्तू दाखवून उत्तर देतो. वस्तुतः रुआनो हे कल्पित पात्र आहे; तरुणपणीचा पुस्तकी ओर्ता आणि अनुभवाने पिकलेला ओर्ता यांचाच तो वाद म्हणावा.

या ग्रंथाचे विशेष असे की त्यात औषधशाळा आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत फार पातळ आहे. कैरी मीठ व तेल घालून मुरवतात, आत ओले आले व लसूण भरतात, आंबा साखरेत पाकवतात, आणि भाजलेली कोय अतिसारावर देतात, हे तो एकाच बैठकीत सांगून जातो. ओले आले इतर पाल्याबरोबर तेल, मीठ व सिरका लावून कोशिंबिरीसारखे खातात. नारळ कुटून दूध काढतात, त्यात भात शिजवतात आणि त्याच दुधात कालवण करतात. चिंच आंबटपणासाठी स्वयंपाकात वापरतात. केळी शिजवतात व तळतात, अशा अनेक गोष्टी त्याने टिपल्या आहेत. हिंगाचा वास त्याला मुळीच मानवत नसे. तरी हिंदू लोकांची हिंग घातलेली भाजी त्याने चाखून पाहिली आणि ती चवदार लागल्याचे प्रामाणिकपणे नमूद केले. आपल्याला न आवडणाऱ्या वस्तूविषयीही खरे तेच लिहावे, हा धडा तेथे मिळतो.

वाद चालू असताना ओर्ता मधूनच आंतोनिया नावाच्या दासीला हाक मारतो, आणि ती बागेतून हवे ते फळ किंवा पान आणून समोर ठेवते. त्या काळी गोव्यातील श्रीमंतांच्या घरच्या अशा दासी बहुधा विकत घेतलेल्या असत. ग्रंथात तिला नाव आहे, पण तिची हकीकत नाही. जगाला ज्ञात झालेल्या त्या विद्येत तिच्या हातांचाही वाटा आहे, हे विसरणे योग्य होणार नाही.

ओर्ताचे मोठेपण त्याच्या निर्भय दृष्टीत आहे. प्राचीन वैद्य गॅलन याचा शब्द तेव्हा युरोपात वेदवाक्यासारखा मानीत. येथे मात्र झाड डोळ्यांपुढे उभे होते, आणि जे डोळ्यांनी दिसते तेच खरे धरावे, मग थोर ग्रंथकार काहीही म्हणोत, असे त्याचे मत बनले. झाडांविषयी इतके निर्भयपणे बोलणारा हा पुरुष स्वतःच्या श्रद्धेविषयी मात्र जन्मभर मूक राहिला. त्याच्या बहिणींना लिस्बनमध्ये अटक झाली होती. सुटकेनंतर १५४९ साली आई व बहिणी गोव्यास त्याच्या आश्रयाला आल्या. पण १५६० साली तेच न्यायासन गोव्यातही येऊन बसले. १५६८ साली ओर्ता वारला. त्याच्यामागे लगोलग कुटुंबीयांची धरपकड झाली, आणि बहीण कातारिना हिला १५६९ च्या ऑक्टोबरात जिवंत जाळण्यात आले. कुटुंबीयांच्या जबान्यांतून ओर्ताही मनाने ज्यूच राहिला होता असे निष्पन्न झाले. म्हणून ४ डिसेंबर १५८० रोजी त्याच्या अस्थी उकरून काढून त्या जाहीरपणे जाळण्यात आल्या.

अस्थी जाळता आल्या, ग्रंथ मात्र हातचा निसटला होता. १५६७ सालीच क्लूसियुस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्प येथे प्रसिद्ध केला होता, आणि पुढे अनेक पिढ्या युरोपातील वैद्यांनी तो वाचला. १९१३ साली संपूर्ण ग्रंथाचे इंग्रजी भाषांतरही झाले. ज्या गोव्याने त्याच्या अस्थी जाळल्या, त्याच गोव्यात पणजीच्या चर्चसमोरील उद्यानाला पुढे त्याचे नाव मिळाले. बागवानाच्या नावाने बागच असावी, याहून उचित स्मारक कोणते?

विद्यार्थिमित्रांनो, हे चरित्र वाचून थोर ग्रंथ लिहिणे आपणा सर्वांना साधेल असे नाही. पण परसात, गॅलरीत किंवा फुटक्या माठात चार झाडे लावणे कोणालाही साधेल. पावसाळ्याच्या तोंडावर आल्याचा किंवा हळदीचा डोळा असलेला तुकडा भुसभुशीत मातीत दोन बोटे खोल पुरा. पाणी साचू देऊ नका. हिवाळ्यात पाने पिवळी पडून वाळू लागली म्हणजे माती उकरा. सुरतेत थंडीच्या दिवसांत ओल्या हळदीच्या चकत्या मीठ-लिंबू लावून खातात, त्या तुमच्या कुंडीतल्या असू द्या. आणि शेजारी एक वही ठेवा. कोंब कधी आला, पान कसे दिसले, आजी त्याला काय म्हणते, शेजारच्या गुजराती काकी काय म्हणतात व त्याचे काय रांधतात, ते तीत लिहा. पुस्तकात एक असेल आणि कुंडीत दुसरेच दिसेल, तर दोन्ही लिहून ठेवा. पण कुंडीत दिसलेले खोडू नका.

ओर्ताने याहून वेगळे काही केले नव्हते.