जॉर्ज गॅलप

जॉर्ज होरेस गॅलप (जन्म : जेफरसन, आयोवा, १८ नोव्हेंबर १९०१, मृत्यू : स्वित्झर्लंड, २६ जुलै १९८४) हे अमेरिकन जनमत संशोधक आणि वृत्तपत्रविद्येचे प्राध्यापक होते. मर्यादित पण काळजीपूर्वक निवडलेल्या नमुन्यावरून संपूर्ण समाजाच्या मताचा अंदाज घेण्याच्या पद्धतीचे ते आद्य प्रवर्तकांपैकी एक मानले जातात. त्यांच्या नावावरून ‘गॅलप चाचणी’ ही संज्ञा जगभर रूढ झाली.

== प्रारंभिक जीवन व शिक्षण ==
गॅलप यांचे वडील दुग्धव्यवसाय करीत. शालेय वयात दूध पोहोचविण्याच्या कामातून मिळालेल्या पैशांवर गॅलप यांनी शाळेत वृत्तपत्र सुरू केले. पुढे आयोवा विद्यापीठात शिकत असताना ते तेथील विद्यार्थी दैनिकाचे संपादक झाले. त्याच विद्यापीठातून त्यांनी १९२३ मध्ये पदवी, १९२५ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९२८ मध्ये डॉक्टरेट मिळविली.

वृत्तपत्राचा वाचक प्रत्यक्षात काय वाचतो, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. वाचकाला केवळ त्याची आवड विचारण्याऐवजी त्याच्यासमोर अंक ठेवून त्याने कोणता मजकूर वाचला याची पानागणिक नोंद घेण्याची पद्धत त्यांनी वापरली. लोक आपल्या वाचनाविषयी जे सांगतात आणि प्रत्यक्षात जे वाचतात, त्यांत मोठी तफावत असल्याचे त्यातून दिसून आले.

== कारकीर्द ==
ड्रेक व नॉर्थवेस्टर्न या विद्यापीठांत अध्यापन केल्यानंतर १९३२ मध्ये ते न्यूयॉर्कमधील ‘यंग अँड रुबिकम’ या जाहिरात संस्थेत संशोधन विभागाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी त्यांच्या सासूबाई ओला बॅबकॉक मिलर यांनी आयोवाच्या राज्य सचिवपदाची निवडणूक लढविली आणि त्या विजयी झाल्या. त्यांच्यासाठी मतदारांचा कल अजमावण्याचे काम गॅलप यांनी केले. राजकीय क्षेत्रात त्यांनी आपली पद्धत वापरण्याचा हा प्रारंभ मानला जातो.

१९३५ मध्ये त्यांनी प्रिन्स्टन येथे ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन’ ही संस्था स्थापन केली. आपली निष्पक्षता टिकविण्यासाठी राजकीय पक्ष किंवा हितसंबंधी गटांनी पुरस्कृत केलेली सर्वेक्षणे न स्वीकारण्याचे धोरण त्यांनी ठेवले.

=== १९३६ ची निवडणूक ===
‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने १९३६ च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे १ कोटी नमुना मतपत्रिका टपालाने पाठविल्या. त्यांपैकी २० लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांच्या आधारे साप्ताहिकाने आल्फ्रेड लँडन विजयी होतील असे भाकीत केले. गॅलप यांचा नमुना याच्या तुलनेत फारच लहान होता. तरीही त्यांनी फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या विजयाचा अंदाज वर्तविला. अंदाज चुकल्यास वर्गणीचे पैसे परत करण्याची हमी त्यांनी वृत्तपत्रांना दिली होती. रूझवेल्ट यांनी दोन वगळता सर्व राज्ये जिंकली.

साप्ताहिकाच्या याद्या प्रामुख्याने दूरध्वनीधारक व मोटारमालक यांच्या नोंदींवरून तयार केल्या होत्या. मंदीच्या काळात गरीब मतदार अशा याद्यांत क्वचितच असत. शिवाय बहुसंख्य लोकांनी मतपत्रिका परत पाठविल्याच नाहीत. नमुना किती मोठा आहे यापेक्षा तो समाजाचे प्रतिनिधित्व करतो की नाही हे महत्त्वाचे, हा धडा या घटनेने दिला.

=== १९४८ चे अपयश ===
१९४८ मध्ये गॅलप यांनी टॉमस ड्यूई यांना ४९.५ टक्के आणि हॅरी ट्रूमन यांना ४४.५ टक्के मते मिळतील असा अंदाज दिला. प्रत्यक्षात ट्रूमन यांना ४९.६ टक्के, तर ड्यूई यांना ४५.१ टक्के मते मिळाली. काही वृत्तपत्रांनी त्यांचे सदर बंद केले.

यानंतर सोशल सायन्स रिसर्च कौन्सिलच्या समितीने सर्वच संस्थांच्या पद्धतींची चौकशी केली. मतदानापूर्वी बरेच दिवस आधी मुलाखती थांबविल्याने शेवटच्या काळातील मतपरिवर्तन नोंदले गेले नव्हते. तसेच कोटा पद्धतीत लिंग, वय, आर्थिक स्तर इत्यादींची संख्या ठरवून दिलेली असली, तरी प्रत्यक्ष व्यक्तींची निवड मुलाखतकारांवर सोडलेली असे; त्यामुळे अधिक शिकलेले लोक नमुन्यात प्रमाणापेक्षा जास्त येत. या अनुभवानंतर गॅलप यांच्या संस्थेने संभाव्यतेवर आधारित नमुना निवडीचा अवलंब केला आणि मतदानाच्या अगदी जवळपर्यंत सर्वेक्षण चालू ठेवण्यास प्रारंभ केला.

== स्थानिक शासन व शिक्षण ==
गॅलप यांना स्थानिक शासनाच्या प्रश्नांतही रस होता. १९५० च्या दशकात ते ‘नॅशनल म्युनिसिपल लीग’ या नगरशासन सुधारणेसाठी कार्य करणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष होते.

अमेरिकेत अनेक ठिकाणी शाळा, रस्ते किंवा पाणीपुरवठा यांसाठी कर वाढविण्यापूर्वी अथवा कर्जरोखे काढण्यापूर्वी मतदारांची संमती घ्यावी लागते. १९६९ पासून गॅलप यांच्या संस्थेने सार्वजनिक शाळांविषयीचे वार्षिक सर्वेक्षण सुरू केले. शाळांना अधिक निधी हवा असल्यास आपण करवाढीच्या बाजूने मत द्याल की विरोधात, असा प्रश्न त्यात विचारला जाई. चांगल्या शाळांची इच्छा आणि त्यांसाठी कर भरण्याची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी असल्याने अशा प्रश्नाची उत्तरे शाळा मंडळांना उपयुक्त ठरत.

== विचार व टीका ==
सॉल फोर्ब्स रे यांच्यासह लिहिलेल्या ‘द पल्स ऑफ डेमोक्रसी’ (१९४०) या ग्रंथात गॅलप यांनी जनमत चाचण्यांचे समर्थन केले. दोन निवडणुकांमधील काळात सामान्य नागरिकांचे म्हणणे शासनापर्यंत पोहोचावे आणि संघटित दबावगटांच्या दाव्यांची शहानिशा व्हावी, असे त्यांचे मत होते. राज्यशास्त्रज्ञ लिंडसे रॉजर्स यांनी ‘द पोलस्टर्स’ (१९४९) या ग्रंथात या भूमिकेवर टीका केली. विचारविनिमयाविना दिलेल्या उत्तरांची बेरीज म्हणजे जनमत नव्हे, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. हा वाद आजही संपलेला नाही.

== वारसा ==
गॅलप यांच्या पद्धतीचा प्रसार अनेक देशांत झाला. ब्रिटनमधील संलग्न संस्थेने १९४५ मध्ये मजूर पक्षाच्या विजयाचा अचूक अंदाज दिला होता. भारतात एरिक द कोस्टा यांनी १९५० च्या दशकात ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन’च्या माध्यमातून अशा सर्वेक्षणांचा पाया घातला. गॅलप यांचे १९८४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. त्यांचे दफन प्रिन्स्टन येथे करण्यात आले.