डॉ. विल्यम ऑस्लर : जन्मभर विद्यार्थी राहिलेला वैद्य

मोठ्या रुग्णालयांत डॉक्टर मंडळी ठरलेल्या दिवशी एकत्र बसतात. एकजण नव्या नियतकालिकातले संशोधन मांडतो, बाकीचे त्याची उलटतपासणी करतात. हा ‘जर्नल क्लब’ रुजवणाऱ्यांत डॉ. विल्यम ऑस्लर यांचे नाव आदराने घेतले जाते.

१२ जुलै १८४९ रोजी कॅनडातील बाँड हेड या खेड्यात, एका धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८७२ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून पदवी घेऊन ते लंडन, बर्लिन, व्हिएन्ना येथे शिकले आणि परतून मॅकगिलमध्येच शिकवू लागले. परदेशी नियतकालिके एकट्याच्या खिशाला परवडणारी नव्हती. म्हणून १८७५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांचे मंडळ जमवले. अंक सामायिक खर्चाने मागवायचे आणि आळीपाळीने वाचायचे. वर्गणीवर वाचनालये चालवणाऱ्या आपल्या समाजाला ही युक्ती ओळखीची वाटेल.

पण छापलेले सारे खरे, असे ते मानत नसत. हिवतापाचा परजीवी रक्तात असतो, हे लाव्हराँ यांनी १८८० मध्ये शोधले. ऑस्लर यांना आधी ते पटले नाही. पुढे फिलाडेल्फियात रुग्णांचे रक्त स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर खात्री पटली, तेव्हा त्यांनी आपले मत उघडपणे बदलले.

१८८९ मध्ये ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे मुख्य वैद्य झाले. तिथेही जर्नल क्लब सुरू झाला आणि विद्यार्थी रुग्णाच्या खाटेपाशी शिकू लागले. १८९२ मध्ये त्यांचा वैद्यकशास्त्रावरील ग्रंथ निघाला. नवे ज्ञान सामावून घेत त्याच्या सुधारित आवृत्त्या ते काढत राहिले. कित्येक रोगांवर खात्रीचे औषध नाही, हे त्यात त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. रॉकफेलर यांचे सल्लागार फ्रेडरिक गेट्स यांनी १८९७ मध्ये तो ग्रंथ वाचला आणि ते अस्वस्थ झाले. त्यातूनच १९०१ मध्ये न्यूयॉर्कची रॉकफेलर संशोधन संस्था उभी राहिली. एका वैद्याच्या प्रामाणिकपणाचे हे फळ!

१९०५ मध्ये ते ऑक्सफर्डला प्राध्यापक म्हणून गेले. १९१७ मध्ये एकुलता मुलगा रेव्हियर महायुद्धात पडला. या घावानंतरही ग्रंथसंग्रहाची सूची करण्याचे काम त्यांनी सोडले नाही. २९ डिसेंबर १९१९ रोजी फुप्फुसाच्या आजाराने त्यांचे निधन झाले. आपले हजारो ग्रंथ त्यांनी मॅकगिलला दिले. तिथल्या ऑस्लर ग्रंथालयात, त्या ग्रंथांच्याच सहवासात, त्यांची रक्षा ठेवलेली आहे.