माधवराव सप्रे : ढळलेला सूर

भोपाळात १९८४ पासून जुन्या वृत्तपत्रांचे एक संग्रहालय आहे. ते ज्यांच्या नावाचे, त्या माधवराव सप्र्यांची आठवण आपल्या मराठी घरांत राहायला हवी.

माधवरावांचा जन्म १८७१ चा, दमोह जिल्ह्यातील पथरियाचा. घरची भाषा मराठी. लेखणी मात्र त्यांनी हिंदीला वाहिली. १९०० साली पेंड्र्याहून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले. १९०७ साली नागपुरास 'हिंदी केसरी' सुरू करून टिळकांचे विचार हिंदी वाचकांपर्यंत नेले. १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. तेव्हा वडील बंधूंच्या आग्रहापुढे नमून त्यांनी माफीपत्रावर सही केली व ते सुटले.

गुणगान करताना आपण हा प्रसंग हळूच ओलांडतो. मला तो ओलांडवत नाही. माझे वडील दरबारी गवई. मैफलीत सूर ढळला तर तो लपवू नये, पुढच्या गाण्याने भरून काढावा, ही त्यांची शिकवण. माधवरावांनी तेच केले. ते विरक्त होऊन राहिले, मधुकरीवर जगले. समर्थांचा 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' त्यांनी हिंदीत आणले. १९२० साली जबलपुरास 'कर्मवीर' उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. संपादकाची जागा मात्र माखनलाल चतुर्वेदींकडे गेली. १९२४ साली डेहराडूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. १९२६ साली रायपुरास त्यांनी देह ठेवला.

शिकवणीत एखादा मुलगा बेसूर होऊन खाली मान घालतो, तेव्हा मी त्याला माधवरावांची हकीकत सांगतो आणि तंबोरा पुन्हा त्याच्या हाती देतो.