असाध्यांच्या आश्रमातील आचार्य : डॉ. झां-मार्तें शार्को

ज्ञातिसंस्थांच्या वार्षिक अंकांतून संतांची, वीरांची आणि दानशूर धनिकांची चरित्रे वाचकांस नित्य वाचावयास मिळतात. ती मिळावीत हे योग्यच होय. तथापि ह्या वेळी आम्ही वाचकांपुढे एका परदेशी वैद्याचे चरित्र ठेवीत आहोत. असे करण्यास कारण आहे. अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेले वडील, हात थरथर कापत असल्यामुळे पाण्याचा पेलाही ओठांशी नेऊ न शकणारी आजी, वारंवार झटके येणारे मूल, अशी माणसे पुष्कळ घरांत असतात. एकदा वैद्याने हात टेकले म्हणजे त्यांची खाट माजघराच्या कोपऱ्यात जाते आणि मग त्यांच्याकडे निरखून पाहणारे कोणी उरत नाही. ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही अशांकडेच एकतीस वर्षे पाहत राहिलेल्या पुरुषाची ही कथा आहे.

झां-मार्तें शार्को यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८२५ रोजी पॅरिस शहरी झाला. वडील घोडागाड्या बांधणारे कारागीर होते. घरात चार मुलगे, आणि सर्वांस उच्च शिक्षण देण्याची ऐपत नव्हती. तेव्हा अभ्यासात जो सरस ठरेल त्याला पुढे शिकवावयाचे, इतरांनी दुसरा मार्ग धरावयाचा, असे वडिलांनी ठरविले व निवड झां-मार्तें यांची झाली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. कारागिराच्या घामावर एक मुलगा शिकला आणि त्याचे ऋण त्याने सबंध मानवजातीस फेडले, हे आमच्या वाचकांस विशेष जवळचे वाटेल.

शार्को यांचा मार्ग मात्र सरळ नव्हता. स्वभाव अबोल, बोलण्यात आरंभी छाप नाही. १८५३ साली संधिवातावरील प्रबंध लिहून ते डॉक्टर झाले. अध्यापनाच्या अधिकारासाठी असणाऱ्या चढाओढीच्या परीक्षेत १८५७ साली त्यांस अपयश आले. ते १८६० साली उत्तीर्ण झाले. एका अपयशाने खचून जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही तीन वर्षे ध्यानात ठेवावीत.

१८६२ साली त्यांची साल्पेत्रिएर ह्या संस्थेत वैद्य म्हणून नेमणूक झाली. हे स्थान मूळचे बंदुकीच्या दारूचे कोठार. चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत, १६५६ साली, तेथे निराधार स्त्रियांसाठी आश्रयस्थान निघाले. शार्को आले त्या काळी तेथे सुमारे ५,००० स्त्रिया राहत असत : वृद्ध, पंगू, अपस्माराच्या रोगी, वेड लागलेल्या, ज्यांना कोणीही नाही अशा. महत्त्वाकांक्षी डॉक्टर तेथे फार दिवस टिकत नसत. दुसरी बरी जागा मिळाली की निघून जात. कारण तेथील रोग असाध्य, आणि असाध्य रोग्यापासून वैद्यास ना धन, ना कीर्ती. शार्को यांनी मात्र विद्यार्थिदशेत हे स्थान पाहिले होते आणि पुन्हा येथेच यावयाचे असा मनाशी निश्चय केला होता. इतरांस जो मानवी दुःखाचा अडगळखाना वाटला, तो त्यांस न वाचलेल्या ग्रंथांचा भांडार वाटला.

आपले सहकारी व्हुल्पियां यांच्यासह त्यांनी एकेका दालनातील एकेक रुग्ण तपासण्यास प्रारंभ केला. कोणाचा कोणता अवयव दुर्बळ, कोणाचा हात केव्हा कापतो, चाल कशी, बोलणे कसे, ह्यांची टिपणे ठेवली. रुग्ण तेथेच वर्षानुवर्षे राहत असल्याने रोगाची वाटचाल आरंभापासून अंतापर्यंत पाहता येई. पुढे मृत्यू आल्यावर शवविच्छेदन करून मेंदू व मज्जारज्जू यांचे पातळ छेद सूक्ष्मदर्शक यंत्राखाली तपासावयाचे आणि हयातीत दिसलेले लक्षण व मृत्यूनंतर दिसलेला बिघाड यांची सांगड घालावयाची, अशी ही पद्धत होती. ती वरून साधी दिसते. परंतु तीस लागणारा धीर सामान्य नव्हे.

एक उदाहरण देतो. कापरे भरणारे सर्व रोगी त्या काळी बहुधा एकाच माळेत ओवले जात. शार्को यांनी दोन प्रकार वेगळे केले. एका प्रकारात हात स्वस्थ असता कापतो. दुसऱ्यात वस्तू घेण्यास हात पुढे केला म्हणजे कापू लागतो. व्याख्यानात हा भेद दूरच्या विद्यार्थ्यासही दिसावा म्हणून ते रुग्णांच्या डोक्यावर लांब पिसे लावीत, आणि त्या पिसांच्या हेलकाव्यांवरून रोग ओळखावयास शिकवीत. अध्यापनाचे साधन याहून सोपे कोणते असणार ! पहिल्या प्रकाराचे वर्णन लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली केले होते. शार्को यांनी त्या कंपवातास त्यांचेच नाव द्यावे असे सुचविले. स्वतःचे नाव पुढे करण्याची संधी असता विस्मृतीत गेलेल्या पूर्वसूरीस त्याचा मान देणे, हा गुणही लहान नव्हे. दुसरा प्रकार म्हणजे आज ज्यास मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात तो रोग. त्याचे सुस्पष्ट विवेचन त्यांनी १८६८ साली केले.

१८६९ साली जोफ्रुआ यांच्या साहाय्याने त्यांनी आणखी एक भयंकर रोग उजेडात आणला. त्यात हातपाय, जीभ व कंठ यांचे स्नायू क्रमाने झिजत जातात. मज्जारज्जूतील नेमक्या कोणत्या पेशी व कोणते तंतू नष्ट होतात हे त्यांनी दाखविले आणि १८७४ साली त्यास जे नाव दिले, त्याची एएलएस ही आद्याक्षरे आज जगभर रूढ आहेत. विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग (१९४२–२०१८) यांस जडलेला रोग तो हाच. १८८६ साली शिष्य पिएर मारी यांच्यासह त्यांनी पायांपासून आरंभ होणारा एक आनुवंशिक मज्जाविकार वर्णन केला. त्याच वर्षी लंडनच्या टूथ यांनीही तो वर्णिल्याने तिघांची नावे त्यास चिकटली.

परंतु शार्को यांस केवळ संशोधक म्हणणे अपुरे होईल. अनाथाश्रमाचे त्यांनी रुग्णालय केले आणि रुग्णालयाचे विद्यापीठ. १८८१ च्या सुमारास तेथे बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला, त्यामुळे शहरातील कोणासही येऊन तपासून घेता येऊ लागले. तोवर केवळ स्त्रियांच्या असलेल्या ह्या संस्थेत पुरुष रुग्णांचीही सोय झाली. प्रयोगशाळा, छायाचित्रणाची शाखा, विद्युत्‌चिकित्सा, नेत्रपरीक्षा, संग्रहालय हे सारे एका आवारात उभे राहिले. १८८२ साली, राजकारणी गांबेता यांच्या पाठबळाने, मज्जासंस्थेच्या रोगांसाठी स्वतंत्र अध्यापनपीठ निर्माण होऊन शार्को त्याचे पहिले प्राध्यापक झाले. मंगळवारी ते बाह्यरुग्ण विभागात आलेले अपरिचित रुग्ण शिष्यांसमक्ष तपासत आणि शुक्रवारी सिद्ध केलेले व्याख्यान देत. देशोदेशीचे विद्यार्थी तेथे येत. १८८५ च्या शरद ऋतूत व्हिएन्नाहून आलेल्या सिग्मंड फ्रॉइड ह्या तरुणाने त्यांची व्याख्याने जर्मन भाषेत आणली, आणि पुढे आपल्या थोरल्या मुलास गुरूचे नाव ठेवले.

चरित्रलेखकाने गुणांबरोबर उणीवही सांगितली पाहिजे. हिस्टेरिया हे ढोंग नव्हे, तो खरा विकार आहे आणि तो पुरुषांसही होतो, हे शार्को यांनी ठामपणे सांगितले. हा त्यांचा उपकारच. परंतु संमोहनाच्या प्रयोगांतून त्यांनी त्या विकाराच्या ज्या ठरीव पायऱ्या मांडल्या, त्या टिकल्या नाहीत. नान्सी येथील बर्नहाइम यांनी दाखविले की हे सारे सूचनेचे परिणाम आहेत. ज्या सभागृहात आचार्यांचा शब्द अखेरचा, तेथे रुग्णासही आचार्यांस काय हवे ते कळते व तो तेच करून दाखवितो. ब्रुइये ह्या चित्रकाराचे १८८७ सालचे चित्र प्रसिद्ध आहे. त्यात एक स्त्री बेशुद्धावस्थेत कलंडली आहे आणि भोवती विद्वान पुरुषांची दाटी आहे. ते चित्र पाहताना, पाहणे आणि प्रदर्शन करणे यांमधील सीमारेषा किती सूक्ष्म आहे, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. शार्को यांच्या मोठेपणाची खूण ही की, हिस्टेरियाविषयीची आपली कल्पना जुनी झाली असून ती मोडून नव्याने रचली पाहिजे, असे त्यांनी अखेरच्या काळात आपले चिटणीस गिनों यांस सांगितले.

१६ ऑगस्ट १८९३ रोजी, प्रवासात असता, हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. १८९८ साली साल्पेत्रिएरच्या दाराशी त्यांचा ब्राँझचा पुतळा उभारला गेला; १९४२ साली, जर्मनांच्या अमलात असता, तो वितळविण्यात आला. पुतळा गेला, रुग्णालय मात्र आजही मज्जारोगांच्या चिकित्सेचे मोठे केंद्र म्हणून उभे आहे.

कोणी विचारील, शार्को यांनी बरे किती केले ? उत्तर प्रामाणिकपणे द्यावयाचे तर, फार थोडे. कंपवातावर गुणकारी ठरलेले लेव्होडोपा हे औषध १९६० नंतरच्या दशकात रूढ झाले; मल्टिपल स्क्लेरोसिसवरील औषधे १९९० नंतर आली; एएलएस पूर्ण बरा करणारा उपाय आजही नाही. परंतु ज्या रोगास नाव नाही त्यावर औषध कोण शोधणार ? त्या पाच हजार निराधार स्त्रियांपैकी फारच थोड्यांची नावे इतिहासास ठाऊक आहेत. तरीही आज जगात कोठेही कंपवाताच्या रोग्यास गोळी मिळते, तीत त्यांच्या वेदनेचा वाटा आहे. ज्ञान हे नेहमी कोणाच्या तरी ऋणावर उभे असते.

म्हणून आमच्या बंधुभगिनींस एवढीच विनंती की, घरातील कंप पावणाऱ्या हातास वार्धक्य म्हणून आणि झटक्यांस बाधा म्हणून सोडून देऊ नये. त्या माणसास मज्जारोगांच्या डॉक्टरांकडे न्यावे, त्याची लक्षणे केव्हा सुरू झाली हे नीट सांगावे. औषध असेल तर ते नियमाने द्यावे. आणि नसेल, तरी खाट कोपऱ्यातून उजेडात आणावी. बरे करणे प्रत्येक वेळी हाती नसते. लक्ष देणे मात्र प्रत्येकाच्या हाती असते.